जोडेघाटची जोडी

हातातलं घड्याळ काढून ठेवा. फोन तर त्याच्याही आधी. अंगावर धुवून धुवून विटलेला सदरा चढवा, डोक्याला पंचा गुंडाळा, पायात साध्या वहाणा घाला. गाठीला थोडं मीठ बांधून घ्या, जिथं जायचंय तिथं ते रुपयापेक्षा जास्त कामाला येईल. साल 1940. पाऊस नुकताच उघडलाय आणि आश्विन लागलाय. जिल्हा आदिलाबाद, निजामाच्या राज्याचं उत्तरेकडचं टोक. नदी ओलांडली की पलीकडे आपला चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर.

उतरा, आसिफाबाद रोड स्टेशन आलं. बल्लारशाहून निघालेल्या या गाडीत तुमच्या डोळ्यात कोळशाची खर गेली असेल. चोळू नका, आणखी आत जाईल. फलाटावर पाय ठेवताच उकाडा अंगाला चिकटतो. ओल्या मातीची वाफ, बैलांचं शेण, बिडीचा धूर आणि कुठंतरी तळली जाणारी मिरची, असा सगळा एकत्र वास येतोय. तिळाच्या पोत्यांवर एक व्यापारी बसलाय. लाकडाचा ठेकेदार हमालांवर तेलुगूत ओरडतोय, हमाल एकमेकांशी मराठीत बोलतायत आणि खाकी कपड्यातला शिपाई दोघांनाही उर्दूत दम देतोय. काझीपेठ ते बल्लारशा हा रूळ टाकून अजून फार वर्षं झाली नाहीत. पण त्या रुळावरून मैदानातले शेतकरी आले, सावकार आले, जंगलाचे ठेकेदार आले. ज्या काळ्या जमिनीत गोंडांच्या आज्या-पणज्यांनी ज्वारी पेरली, ती आता ज्याच्याजवळ पट्टा त्याची. पट्टा उर्दूत लिहिलेला. गोंडाला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवणारा पैसे मागतो.

आसिफाबाद गावात आज बाजार आहे, तिकडून जाऊ. गर्दीत खांद्याला खांदा घासतो. डोंगरातून उतरलेल्या बायकांच्या गळ्यात चांदीचे वळे आहेत, हातांवर आणि पायांवर गोंदण. टोपलीत त्यांनी चारोळी आणलीय, मध आणलाय, मोहाचं तेल आणलंय. दुकानदार माल घेताना मापट्याबाहेर बोटं ठेवतो आणि मीठ देताना आत. बाईला ते दिसतं, तरी ती बोलत नाही. मागच्या दसऱ्याला घेतलेल्या लुगड्याचे पैसे अजून त्याच्या वहीत आहेत. जगभर कापसाचे भाव कोसळले ते इथल्या कुणी वर्तमानपत्रात वाचलेले नाहीत. त्यांनी ते सावकाराच्या वहीत पाहिले. कापूस पूर्वीइतकाच पिकला आणि कर्ज मात्र फिटायचं थांबलं, एवढं त्यांना कळलं.

आता केरामेरीच्या वाटेला लागा. बैलगाडीच्या मागच्या फळीवर जागा मिळाली तर बसा, पण चढ आला की उतरून चालावं लागेल. दोन्ही बाजूंनी सागवान. एखादं कोवळं पान तोडून तळहातावर चोळून बघा, हात लाल होतो. घामामुळं तो रंग कपाळालाही लागलाय तुमच्या. राहू द्या. गवत कमरेइतकं उंच आहे, त्यातून चालताना पायाला कुसळं टोचतात आणि कानाशी डास गुणगुणतात. या दिवसांत इथं घराघरात हिवताप असतो. कुणी भर दुपारी घोंगडी पांघरून कुडकुडताना दिसलं तर दचकू नका.

गाडी थांबली. जंगलखात्याची चौकी.

इथं मान खाली ठेवा. चौकीदार गाडीतल्या माणसांना खाली उतरवतो, गाठोडी सोडायला लावतो. कुऱ्हाड कुणाकडं आहे, सरपण कुठलं, बैल कुठं चारले, चराईची पावती कुठाय? म्हाताऱ्या गाडीवानाजवळ पावती नाही. चौकीदार त्याच्या गाडीखाली पायांनी बांधलेल्या कोंबडीकडं बघतो. म्हातारा काही न बोलता ती सोडून देतो. कोंबडी फडफडते, एक पीस तुमच्या सदऱ्याला चिकटतं, आणि अडसर वर जातो. चौकी मागं पडली, वळण संपलं, तरी गाडीत कुणी बोलत नाही. पोटात जे आवळून आलंय ना तुमच्या, ते इथल्या माणसाच्या पोटात रोज असतं. त्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही.

केरामेरीच्या पुढं गाडी नाही. आता डोंगर. तासभर चढलात की उजव्या हाताला बांबूच्या बेटात हालचाल दिसेल. थांबा, हात मोकळे दाखवा. झाडाआड कुणाच्या तरी हातात ठासणीची बंदूक आहे, कुणाकडं भाला, एकाजवळ नुसतीच कुऱ्हाड. पोरं विशी-बाविशीची आहेत. ती आपापसात गोंडीत काही बोलतात. तुम्हाला एक अक्षर कळत नाही, घसा कोरडा पडतो. मग मागून एक म्हातारा येतो. खांद्याला किकरी लटकवलेली, गोंडांच्या कुळांची गाणी गाणारा हा परधान. तो तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतो आणि विचारतो, "कोठचे जी तुमी?"

मराठी! सुटलात. इथल्या परधानांच्या घरात मराठीच बोलतात, देवाची कथा मात्र गोंडीत गातात. म्हणा, चांद्याकडून आलो. गाठीचं मीठ काढून पुढं करा. म्हातारा चिमूटभर जिभेवर ठेवतो, मान हलवतो. "चला. रात्र पडायच्या आंत पोचलं पाह्यजे."

ही जोडेघाटची वाट. बाबेझरी, जोडेघाट आणि आसपासच्या वाड्या मिळून बारा गावं, आणि या बारा गावांनी ठरवलंय की जंगलखात्याला आता कर द्यायचा नाही आणि जागा सोडायची नाही. वस्त्या उठवल्या, झोपड्या जाळल्या, उभ्या पिकात गुरं घातली, हे सगळं होऊन गेलंय. जे उठले त्यांचा पुढारी कोमरम भीम. सरकारदरबारी तो फरारी, बंडखोर, पकडून आणायचा माणूस. वस्तीत शिरताच तुम्ही त्याला शोधायला लागाल, मला माहीत आहे. सिनेमात पाहिलेले ते दंड आणि ती छाती शोधाल. थांबा जरा. आधी बसा, दमलात.

झोपडीच्या भिंती बांबूच्या कुडाच्या, वरून शेणमाती. आत अंधार आणि धूर, धुरानं डोळे चुरचुरतात, पण डास बाहेर राहतात. कोपऱ्यात वाळलेल्या मोहाची टोपली, तिचा गोडसर आंबूस वास सगळ्या घरात भरलेला. तुमच्यापुढं पळसाच्या पानांचा द्रोण येतो. त्यात ज्वारीच्या कण्यांची आंबील, बाजूला अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. ठेच्यात मीठ आज तुम्ही आणलेलं आहे. दोन घोटांत नाक वाहायला लागेल. पाणी भोपळ्याच्या तुंब्यातून तोंडात वरून धरा. थंडगार लागतं, थोडं मातीचं.

वाढणाऱ्या बाईकडं बघा. ती सोमबाई असेल का? विचारू नका. अनोळखी माणसानं नाव विचारलं की इथं खबऱ्याचा संशय येतो, आणि तो संशय रास्त आहे. सोमबाई म्हणजे भीमची बायको. ती हीच असो की दुसरी कुणी, फरारी माणसाच्या बायकोचा दिवस कसा जातो ते इथं बसून दिसेल. पहाटे तारे असताना ती झऱ्यावर जाऊन आली, कारण उजाडल्यावर वाटेवर कुणी बघेल. चूल तिनं उजेडी पेटवली नाही, धूर दुरून दिसतो. ज्वारी कांडली ती मुसळाखाली चिंधी टाकून. दाराच्या आतल्या बाजूला एक गाठोडं कायम बांधून ठेवलेलं आहे. त्यात काय आहे सांगू? ज्वारीचं बियाणं, तिळाचं बियाणं, एक लुगडं, विळा आणि देवाची वस्तू. जातं उचलून नेता येत नाही, ते दर वेळी मागं राहतं आणि नव्या जागी पुन्हा दगड शोधावा लागतो. मूल रडलं की ती त्याचं तोंड छातीशी दाबते. पुरुष बंदूक घेऊन कड्यावर बसतात, त्यांची गाणी होतात. गाठोडं सांभाळणारीनं बियाणं वाचवलं नसतं तर त्या पुरुषांना पुढच्या वर्षी लढायला पोटात काही उरलं नसतं. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं धैर्य त्या गाठोड्यात दिसतं.

जेवण झालं की शेकोटीपाशी सरका. परधान आता बोलायला लागेल. किकरीच्या तारेवरून एकदा गज फिरवतो, आवाज खरखरीत आणि लांब जाणारा. मग मराठीतच सांगतो, तुमच्यासाठी. भीमचा जन्म आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा. बापाला जंगलखात्याच्या माणसांनी मारलं. घर उठलं, दुसऱ्या गावी गेले, जंगल तोडून शेत केलं. पीक तयार झालं तेव्हा सिद्दीकी नावाचा जमीनदार दारात उभा राहिला, शेत माझं म्हणाला. भीमच्या हातून तो मारला गेला. त्या रात्री पोरगा पळाला तो चांद्याला. तिथं विठोबा नावाच्या माणसाच्या छापखान्यात राहिला, अक्षरं शिकला. विठोबाला पोलिसांनी धरलं, तसा भीम आसामच्या चहामळ्यात गेला. तिथंही मजुरांच्या बाजूनं उभा राहिला, तिथंही कोठडीत पडला, तिथूनही निसटला. परत आला तो काकनघाटच्या लच्छू पटेलाकडं. त्याच्या शेतात राबला, त्याचा जमिनीचा खटला सांभाळला. तिथंच सोमबाईशी लग्न लागलं. मग दोघं इकडं, बाबेझरीला, नव्यानं जंगल साफ करून पेरायला.

शेकोटीच्या पलीकडं, उजेडाच्या कडेला, एक माणूस उकिडवा बसून ऐकतोय. चाळिशीचा. इतरांपेक्षा तो उंचही नाही, रुंदही नाही. कुणीतरी त्याच्यापुढं बिडी करतं. बास, एवढंच बघा आणि नजर वळवा.

डोळा लागण्याआधी एक चक्कर मारून येऊ. सात वर्षं मागं आणि अर्धं जग ओलांडून, दुसऱ्या एका जोडीकडं. घोंगडी डोक्यावर घ्या.

अमेरिकेतलं मिसुरी राज्य, जॉप्लिन गाव, एप्रिल 1933. गॅरेजच्या वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर. जिन्यात बारूद जळल्याचा वास आहे, पायाखाली काचा करकरतात. पोलिसांशी चकमक करून एक टोळी आत्ताच मोटारीतून पळालीय, दोन पोलीस ठार झालेत. बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो यांची ही टोळी. घाईत कपडे राहिले, बॉनीची कविता राहिली, आणि एक कॅमेरा राहिला. त्याच्यातल्या फिल्मची रिळं न धुतलेली. गावच्या वर्तमानपत्रानं ती धुऊन घेतली. एका फोटोत मोटारीच्या बंपरवर पाय ठेवून, तोंडात सिगार आणि हातात पिस्तूल घेऊन बॉनी उभी आहे. गंमत म्हणून काढलेला फोटो. आठवड्याभरात तो देशभर झाला.

मंदीनं पिचलेल्या त्या देशात बँकांनी शेतं जप्त केली होती, माणसं सूप मिळवायला रांगेत उभी होती. बँक लुटणारा पोरगा आणि त्याची पोरगी त्यांना आपली वाटली. वास्तविक त्या दोघांनी बँकांपेक्षा किराण्याची दुकानं आणि पेट्रोलपंप जास्त लुटले आणि ज्यांना मारलं त्यांत साधी पगारी माणसं होती. त्यांना मी भीमच्या रांगेत बसवणार नाही, तुम्हीही बसवू नका. 23 मे 1934 ला लुइझियानातल्या एका गावरस्त्यावर सहा बंदूकधारी पोलिसांनी झुडपात दबा धरून त्यांची फोर्ड मोटार छिन्नभिन्न केली, शे-सव्वाशे गोळ्या झाडल्या. बॉनी 23 वर्षांची, क्लाइड 25 चा. बघ्यांची जी झुंबड उडाली तिच्यात तुम्ही उभे असाल तर शहारा येईल. कुणी बॉनीचे केस कापून घेतंय, कुणी झग्याचा तुकडा. घामट गर्दी, पेट्रोलचा आणि रक्ताचा वास, आणि सगळ्यांना आठवण म्हणून काहीतरी घरी न्यायचंय.

पुढं 1967 साली आर्थर पेन यांनी त्यांच्यावर सिनेमा केला. वॉरन बेटी आणि फे डनवे. शेवटची गोळीबाराची दृश्यं संथ गतीनं दाखवली, आणि बॉनीची बेरे टोपी घालून जगभरच्या पोरी हिंडायला लागल्या. क्लाइडचं नाव कुणी एकट्याचं घेत नाही. आधी बॉनी. हे त्या जॉप्लिनच्या रिळांनी केलं. कॅमेऱ्यानं तिला पाहिलं होतं, म्हणून पडद्यालाही तिला वगळता आलं नाही.

परत या. जोडेघाटात कोंबडा आरवतोय.

पौर्णिमा आली. पुण्या-नागपुरात आज कोजागरी, संध्याकाळी गच्चीवर दूध आटेल. इथं गोंडांच्या गावोगावी आजपासून दंडारीचे नाच सुरू होतात, दिवाळीपर्यंत. घुसाडी होणारे पुरुष मोरपिसांचा मोठा मुकुट चढवतात, अंगाला राख फासतात, खांद्यावर कातडं टाकतात आणि दिवाळीपर्यंत अंघोळ करत नाहीत. ढोल तापवायला शेकोटीजवळ ठेवायचे, पेपरेची पिपाणी ओली करून बघायची, पोरांनी घुसाडीच्या मागं पळायचं, असा हा दिवस. बारा गावांत मात्र ढोल गप्प आहेत. डोंगराखाली पोलीस आलेत. आसिफाबादचा तालुकदार अब्दुल सत्तार त्यांच्याबरोबर आहे. शरण या, असे निरोप आले. वरून नकार गेला.

तुम्हाला मी कड्यावर नेणार नाही. तुम्ही बायकामुलांबरोबर डोंगराच्या अलीकडच्या उतरणीला बसा, दगडाला पाठ लावून. शेजारी ते गाठोडं आहे. दगड गार आहे, पाठीला ओल लागते. कुणी बोलत नाही. एका पोराला खोकला येतो, त्याची आई पदर कोंबते. मग पहिला बार होतो आणि झाडांवरचे सगळे पक्षी एकदम उडतात. पुढचे बार मोजता येत नाहीत, एकात एक मिसळतात, समोरच्या डोंगरावर आपटून पुन्हा ऐकू येतात. जमीन हलल्यासारखं वाटतं तो तुमच्याच छातीचा ठोका आहे. किती वेळ गेला कळत नाही. शेजारच्या बाईनं तुमचं मनगट धरलंय आणि तिची नखं रुतली आहेत. वाऱ्यावर बारुदाचा वास येतो. नंतर दुसरा, जळणाचा.

गोंड पुढं सांगत राहिले की भीमला मंत्र येतात, तो उठून बसेल, अशी पोलिसांना धास्ती होती. म्हणून तो पडल्यावरही त्याच्या देहावर गोळ्या झाडत राहिले, चेहरा ओळखू येईना असं केलं आणि तिथंच जाळलं. त्याच्याबरोबर त्याचे साथीदारही गेले. कुणी आपल्यातलाच फितूर झाला होता, असंही सांगतात. कारण काही का असेना, बाई उठते. गाठोडं डोक्यावर घेते, पोराला कडेवर उचलते आणि दाट झाडीकडं चालू लागते. तुम्हाला तिच्यामागं जायला वाट नाही. वर्तमानपत्र नाही, कॅमेरा नाही, रीळ धुणारा कुणी नाही. आपल्या हाती असलेल्या गोष्टीत सोमबाई इथपर्यंतच दिसते.

कॅमेरा आला, पण वर्षाभरानं. या उठावानं निजाम सरकार हादरलं आणि त्यानं गोंडांचं दुखणं काय ते पाहायला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला धाडलं. गोंडांच्या मारलवाई गावात क्षणभर थांबा. कुडाच्या झोपडीत एक गोरं जोडपं राहतंय. तो ऑस्ट्रियाचा, हाती जर्मन पासपोर्ट, म्हणून युद्धाच्या काळात ब्रिटिशांच्या लेखी शत्रूचा माणूस आणि हैदराबाद राज्याबाहेर जायला बंदी. ती इंग्रज, बेटी. दोघं आंबील पितात, दंडारीत जागतात, गोंडी शिकतात. मारलवाईत शाळा निघाली, गोंड मुलांची पहिली पुस्तकं देवनागरीत छापली गेली. ते काम पुढं नेणाऱ्यांत आपले सेतुमाधवराव पगडी होते, ज्यांना आपण शिवचरित्राचे अभ्यासक म्हणून ओळखतो. त्यांनी गोंडीचं व्याकरण लिहिलं. गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळू लागले, तेही याच काळात. भीमनं मागितलं होतं त्याचा थोडासा भाग, त्याच्या माघारी. बेटी 1987 साली हैदराबादला वारली तेव्हा तिला मारलवाईतच पुरलं, आणि नंतर हायमेंडॉर्फच्या अस्थीही तिच्याशेजारी आणून ठेवल्या. त्या जोडप्याची समाधी आज तिथं बघता येते.

आता शेवटची उडी. आदिलाबाद शहर, मार्च 2022, एसएस राजामौलींचा सिनेमा 'आरआरआर'. बाहेर ऊन रणरणतंय, आत कूलरचा दमट वारा, घाम, पॉपकॉर्न, अत्तर. पडद्यावर ज्युनिअर एनटीआर भीम म्हणून अवतरताच शिट्ट्यांनी कान बधिर होतात, कागदाचे कपटे डोक्यावर पडतात, पुढच्या रांगेतला पोरगा खुर्चीवर उभा राहतो. तुम्हीही उभे राहा, लाजू नका. डोंगरातल्या गोंडाचं नाव या पडद्यावर एवढं मोठं झालेलं पाहून माझाही ऊर भरून येतो. ज्या गाण्यावर थिएटर नाचतंय ते 'नाटू नाटू' युक्रेनची राजधानी कीव्हमधल्या राजवाड्यासमोर चित्रित झालं आणि 2023 साली त्याला ऑस्कर मिळालं. भीमचं नाव जगभर गेलं ते खरं.

पण खुर्चीत बसलात की एक बघा. भीम या सिनेमात दिल्लीला जातो. खऱ्या आयुष्यात कधी न भेटलेल्या दुसऱ्या एका बंडखोराशी, अल्लुरी सीताराम राजूंशी, त्याची मैत्री होते. राजूला वाट पाहणारी सीता आहे. भीमला दिलीय जेनी, इंग्रज गव्हर्नरच्या घरातली गोरी मुलगी. तो तिच्या प्रेमात पडतो, तिचं बोलणं त्याला कळत नाही, त्यावर थिएटर हसतं. कल्पित कथा आहे, असं सिनेमा स्वतःच सांगतो, आणि कल्पित कथा लिहिण्याचा अधिकार मी कुणाचा काढून घेणार नाही. तरी तीन तास बघताना माझं मन त्या उतरणीवरच्या दगडाशी अडकून राहतं. राजवाडा आला, वाघ आला, गोरी मुलगी आली. भीमचं बांबूच्या कुडाचं घर आणि त्यातली त्याची बायको यायला तीन तासांत जागा झाली नाही. अमेरिकेत दरोडेखोराची मैत्रीण सिनेमाच्या नावात पहिली आली, आणि जमिनीसाठी मेलेल्या माणसाची बायको पडद्यावरून गायब झाली. हा अन्याय आहे. तो राजामौलींच्या आधीपासून चालत आलाय, कारण आपण भीमची गोष्ट सांगतानाही 'सोमबाईशी लग्न झालं' एवढ्या एका वाक्यात तिला उरकतो.

अल्लाणी श्रीधर यांनी 1990 साली 'कोमरम भीम' केला, तेव्हा भीमला जगात कुणी ओळखत नव्हतं आणि एवढे पैसेही नव्हते. साहू आणि अल्लम राजय्या यांनी त्याच्यावर तेलुगूत कादंबरी लिहिली. ही माणसं वाटेला आधी लागली, त्यांचं ऋण मोठं आहे. पुढचा सिनेमा कुणी करणार असेल तर त्यानं कॅमेरा झोपडीच्या आत, चुलीपाशी ठेवावा. मोसमाच्या सुरुवातीला बियाणं मोजणारी बाई, चौकीवर हिसकावलेली कोंबडी, धूर दिसू नये म्हणून विझवलेली चूल, आणि मग बंदूक. मराठीत केला तरी शोभेल. परधान मराठी बोलतो, भीम अक्षरं शिकला ते चांद्यात, आणि चांदा आपलाच आहे.

जोडेघाट आज ज्या जिल्ह्यात येतं त्याला 2016 पासून कुमरम भीम आसिफाबाद असं नाव आहे. गावात भीमचं स्मारक आणि संग्रहालय उभं आहे. आसिफाबादहून केरामेरीमार्गे रस्ता जातो, घाट आता डांबरी आहे. दर वर्षी आश्विन पौर्णिमेला तिथं गोंड, परधान, कोलाम जमतात आणि भीमला वंदन करतात. या कोजागरीला दूध दुसऱ्या दिवशी आटवा आणि जोडेघाटला जा. पुतळ्याला हार घालून झाला की लगेच गाडीत बसू नका. जमलेल्या बायकांच्यात जाऊन बसा आणि सोमबाईचं काय झालं, ते विचारा. मिळेल ते लिहून ठेवा, तिचं नाव घालून.